इंधनाचीं पिकें आणि जातींचें कूळ

आडसाली लागणीचे दिवस जवळ आले, कीं कृष्णाकांठच्या गांवोगांवीं एकच प्रश्न कानीं पडतो: बेणें कोणत्या जातीचें घ्यावें? उत्तरही बहुधा ठरलेलें असतें. शेजाऱ्याचें रान ज्या जातीनें भरलें, तीच आपण लावावी. एकट्या शेतकऱ्यापुरतें हें शहाणपणाचें आहे. परंतु सर्वच जण असें करूं लागले म्हणजे कऱ्हाडापासून मिरजेपर्यंत जणूं एकच ऊंस उभा राहतो. या गोष्टीचा विचार आमच्या वाचकांनीं वेळींच करावा, असें आम्हांस वाटतें.

ऊंस हें आतां केवळ साखरेचें पीक राहिलें नाहीं. सन २०२५ मध्यें देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोंचलें, व त्याचा बराच वांटा उंसाचा रस व मळी यांतून निघतो. मागणी वाढली कीं खात्रीच्या एकाच जातीचा मोह अधिक होतो. पण ऊंस बियांनीं नव्हे, कांड्यांनीं वाढतो. एका जातीचीं लाखों बेटें म्हणजे वस्तुतः एकाच झाडाचे तुकडे होत. जो रोग एकास ग्रासतो, त्यास दुसऱ्याच्या दारीं अडथळा नसतो. उत्तर प्रदेशांत को ०२३८ या जातीनें चार-पंचमांशांहून अधिक क्षेत्र व्यापलें होतें. पुढें लाल कूज रोगानें तिला गांठलें, आणि ज्या जातीनें शेतकऱ्यांस पैसा दाखविला तीच त्यांस सोडावी लागली. आपल्या सांगली जिल्ह्यांत जुलै २००२ मध्यें लोकरी माव्यानें प्रथम तोंड दाखविलें, तेव्हांची धांदल अनेकांस स्मरत असेल. ती आपत्ति जातीच्या दोषानेंच आली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सलग एकजिनसी पिकांत संकट किती वेगानें पसरतें, याची ती आठवण आहे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे जाती पुष्कळ आहेत. नांवें पुष्कळ आहेत, हें खरें. पण कुळें किती? को ८६०३२ ही जात को ६२१९८ व कोसी ६७१ यांच्या संकरांतून झाली. म्हणजे कोसी ६७१ सोडून को ८६०३२ लावणारानें बापाच्या जागीं लेक आणली. कोइमतूर येथें १९१२ सालीं स्थापन झालेल्या केंद्रांत बार्बर व वेंकटरामन यांनीं जाड उंसाचा रानटी उंसाशीं संकर करून को २०५ काढली; त्या वाटेनें पुढें आलेल्या असंख्य जातींच्या मुळाशीं मोजकेच पूर्वज आहेत.

हें नातें डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. एकाच रंगाचे दोन खिल्लार खोंड निराळ्या वळूंचे असूं शकतात, व निराळ्या रंगाचे एकाच वळूचे. त्याचप्रमाणें कांडीचा रंग व पानाची ठेवण पाणी, खत व जमीन यांनीं बदलते. रेणवीय चिन्हकें बदलत नाहींत. कोंवळ्या पानांतून डी. एन. ए. वेगळें करितात, त्यांतील ठराविक जागचे तुकडे यंत्रांत वाढवितात, मग विजेच्या प्रवाहानें ते जेलमधून सरकवितात, तेव्हां लांबीप्रमाणें पट्टे उमटतात. दोन जातींचे पट्टे जितके अधिक जुळतील, तितकें त्यांचें नातें जवळचें. बेण्यांत भेसळ आहे कीं काय, हेंही यांतून कळतें. मात्र उतारा किती पडेल हें या पट्ट्यांवरूनच ठरत नाहीं. त्यासाठीं रानांतील चांचणी हवीच.

ही परीक्षा आधीं न केल्यास काय होतें, तें मोगली एरंडानें शिकविलें. सन २००३ मध्यें नियोजन मंडळानें डिझेलसाठीं या झाडाची मोठी योजना सुचविली. लागवडीचा गाजावाजा झाला, आणि सन २००७ मध्यें देशांतील नमुने चिन्हकांनीं तपासल्याचें वृत्त आलें, तें असें कीं त्यांच्यांत परस्परभेद फारच थोडा! परदेशांतून आलेलें झाड थोड्याच बियांवर वाढलेलें. जेथें भेदच नाहीं, तेथें निवड कशांतून करावी? माण, खटाव, जत, आटपाडी येथील कोरडवाहू शेतकऱ्यांस उद्यां कोणी नवें इंधनपीक सुचविलें, तर प्रथम हाच प्रश्न विचारावा.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पाडेगांवचें १९३२ पासूनचें ऊंस संशोधन केंद्र व मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनीं दोन्ही जिल्ह्यांत चालणाऱ्या जातींचे नातेदर्शक तक्ते मराठींत प्रसिद्ध करावे. कारखान्यांनीं बेणें देतांना जातीचे आईबाप छापावे. आणि आपण स्वतः एका कुळाच्या उंसानें अर्ध्याहून अधिक रान भरूं नये. निरनिराळ्या जाती लावल्यानें तोडणीची व्यवस्था अवघड होते, ही कारखान्यांची तक्रार आम्ही जाणतों. पण लवकर व उशिरां पक्व होणाऱ्या जाती नीट योजिल्या, तर हंगाम लांबविण्यास त्यांचाच उपयोग होतो. सोयरीक जुळवितांना आपण कूळ पाहतों. ज्या पिकावर कर्जाचे हप्ते व मुलांचें शिक्षण अवलंबून, त्याचें कूळ न विचारणें बरें नव्हे.