२३६ चेंडूंची मजुरी

गेला आठवडाभर आमच्या ओसरीतल्या दोरीवर गोलकीपरचे हातमोजे वाळत होते. माझ्या भाच्याचे. तळव्याचा रबरी थर बोटांच्या टोकांशी पार झिजलेला, अंगठ्याजवळची शिवण उसवलेली आणि काळ्या दोऱ्यानं हातानंच पुन्हा घातलेली. साबण लावायचा नाही, कोमट पाण्यात नुसते दाबून धुवायचे, उन्हात टाकायचे नाहीत, असं त्यानं आल्या आल्या मामीला बजावलं होतं.

वय २६. पुण्यात खेळतो. पाच वर्षांत चार संघ झाले. मागच्या संघानं ठरलेल्या पैशांचा पहिला हप्ता दिला, दुसरा दिलाच नाही. हंगाम संपला आणि त्यांनी फोन उचलणंही बंद केलं. आता एका एजंटानं आखातातल्या एका देशात, तिथल्या खालच्या डिव्हिजनसाठी चाचणी आहे असं सांगितलंय. रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, भारताकडून मी खेळणार नाही हे मला आता कळलंय. तरी खेळत राहावं का?"

मला त्या ताटावर उत्तर सुचलं नाही. चार दिवस ते डोक्यात घोळत राहिलं, म्हणून या आठवड्याचं सदर त्याच्यासाठी.

अशा खेळाडूला इंग्रजीत जर्नीमन म्हणतात. शब्दात प्रवास दिसतो, पण त्याचं मूळ फ्रेंचमधल्या दिवसाच्या कामात आहे. शिकाऊपण संपलेला, हातात कसब आलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर. दिवसाचं काम करायचं, दिवसाची मजुरी घ्यायची. म्हणजे आपला रोजंदारीचा माणूस. बीडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. दसरा झाला की आपल्याकडच्या पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूरच्या वाड्यावस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता बांधलेला असतो, आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ज्या कारखान्याच्या फडात उतरवली जाईल तिथं कोप्या पडतात. पट्टा पडला की परत. पुढच्या वर्षी मुकादम वेगळा, कारखाना वेगळा. फुटबॉलमधले हजारो खेळाडू असंच जगतात. फक्त त्यांच्या हंगामाला गळीत म्हणत नाहीत.

लुट्झ फानेनस्टील या जर्मन गोलकीपरचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. जन्म १९७३. फुटबॉलच्या जगाचे सहा महासंघ आहेत. त्या सहाही ठिकाणी व्यावसायिक म्हणून खेळलेला हा पहिला खेळाडू. मलेशिया, दक्षिण आफ्रिका, फिनलंड, सिंगापूर, न्यूझीलंड, कॅनडा, ब्राझील. क्लबांची संख्या पंचविसाच्या आसपास. सिंगापुरात निकाल फिरवल्याच्या आरोपाखाली त्याला शिक्षा झाली, १०१ दिवस तुरुंगात काढले. आपण काही केलं नाही, असं तो आजही सांगतो. मग इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड पार्क अव्हेन्यू या खालच्या पातळीवरच्या संघाकडून खेळताना २६ डिसेंबर २००२ रोजी समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या छातीवर बसला. मैदानावर त्याचा श्वास तीन वेळा थांबला. संघाच्या फिजिओनं तोंडानं श्वास देऊन त्याला परत आणलं. थोड्याच दिवसांत तो पुन्हा गोलपोस्टखाली उभा होता. त्याच्या देशाच्या संघात त्याला कधी जागा मिळाली नाही.

आणि पैशांचं म्हणाल, तर जगभरातल्या फुटबॉलपटूंची संघटना फिफप्रोनं २०१६ साली ५४ देशांतल्या सुमारे १४ हजार व्यावसायिक खेळाडूंची पाहणी केली. त्यातल्या ४१ टक्के खेळाडूंचे पैसे मागच्या दोन हंगामांत वेळेवर मिळाले नव्हते. भाच्याला हा आकडा वाचून दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. आपल्या एकट्याच्याच नशिबात हे आलं, असं त्याला वाटत होतं.

हे सगळं दूरचं झालं. गोव्यात जा, तिथली जुनी माणसं रँटी मार्टिन्सचं नाव अजून प्रेमानं घेतात. नायजेरियाचा हा मुलगा २००४ साली डेंपोकडे आला, त्यांच्यासोबत पाच वेळा देशाची लीग जिंकला, मग कोलकाता, शिलाँग, पुन्हा कोलकाता. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींच्या जर्सी घालून आफ्रिकेतली पोरं उतरतात, आणि मंगळवार-शुक्रवार पेठेतली माणसं त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडतात. घरापासून हजारो मैलांवर, ज्या गावाची भाषा येत नाही त्या गावाची इज्जत पायात घेऊन खेळायचं. याला भाडोत्री म्हणणाऱ्यांची मला चीड येते. भाडोत्री माणूस असा पळत नाही.

पण भाच्याला सांगायचं ते उदाहरण फुटबॉलचं नाही. ते आपल्या बीडचं आहे, आणि आपण ते विसरत चाललोय.

संजय बांगरचा जन्म ११ ऑक्टोबर १९७२ चा, बीडचा. फानेनस्टीलहून काही महिन्यांनी मोठा. शाळा तेव्हाच्या औरंगाबादला. महाराष्ट्र आणि मुंबईच्या वयोगटांच्या संघांतून तो खेळला, पण नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या मुख्य संघाचं दार उघडायला नुसती मेहनत पुरत नव्हती. तिथं एकेका जागेसाठी रांग होती. बांगर रेल्वेत लागला. १९९३-९४ च्या हंगामात रेल्वेकडून त्याचं रणजी पदार्पण झालं. रेल्वेचा संघ म्हणजे कुठल्याच प्रांताचा नाही. त्या संघाला घर नसतं, त्याच्यासाठी ओरडणारं गाव नसतं. कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी विदर्भाचा, कुणी मराठवाड्याचा, सगळे नोकरीवर. आपापल्या राज्यात जागा न मिळालेल्या या पोरांनी २०००-०१ ला अंतिम सामना गाठला आणि बडोद्याकडून थोडक्यात हरले. पुढच्याच वर्षी त्याच बडोद्याला हरवून रेल्वेनं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. २००४-०५ ला पुन्हा. दोन्ही वेळा बांगर संघात होता.

मधल्या काळात त्याला भारतानं बोलावलं. डिसेंबर २००१, मोहाली, इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी. दोन-तीन महिन्यांनी नागपुरात झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १००. आणि मग तो दिवस.

२२ ऑगस्ट २००२. श्रावण चालू होता. सुभाष रोडवर एका मित्राचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं, तिथं एकवीस इंची टीव्हीसमोर आम्ही आठ-दहा जण उभे. लीड्सचं हेडिंग्ले मैदान, आभाळ भरलेलं, खेळपट्टी हिरवी. भारत मालिकेत मागे. असल्या हवेत नाणेफेक जिंकून कुणी फलंदाजी घेत नाही, गांगुलीनं घेतली. वासिम जाफरच्या जागी बांगरला आणलेलं होतं, आणि सलामीला पाठवलेलं होतं. दुकानात कुणीतरी म्हणालं, आपल्या गावचा आहे म्हणून बरं, नाहीतर याला कशाला घेतलं असतं? समोर हॉगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ. धावसंख्या १५ असताना सेहवाग ८ धावांवर गेला. द्रविड आला.

पुढं जे झालं ते टीव्हीवर बघायला कंटाळवाणं होतं, हे मान्य करतो. चेंडू पडायचा, आत यायचा, बाहेर जायचा, उसळायचा. बांगर शेवटच्या क्षणापर्यंत बघायचा आणि बॅट अंगाजवळ ओढून चेंडू सोडून द्यायचा. परत जागेवर. पुढचा चेंडू. तेवढ्यात दुकानातली लाइट गेली. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला, पानं खाल्ली, पावसाच्या गप्पा मारल्या. लाइट आली तेव्हा बांगर खेळतच होता. त्याच्या मांडीवर चेंडू लागला होता, तो तिथं हात फिरवून पुन्हा स्टान्स घेत होता. मघाशी बोललेला गडी आता गप्प होता.

२३६ चेंडू, ६८ धावा. द्रविडबरोबर १७० धावांची भागी. फ्लिंटॉफच्या चेंडूवर स्टीवर्टकडे झेल देऊन तो परतला तेव्हा धावा १८५ झाल्या होत्या, चेंडू जुना झाला होता, गोलंदाज थकले होते. दुसऱ्या दिवशी सचिन आणि गांगुली यांनी जो धुमाकूळ घातला तो सगळ्यांना आठवतो. द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. भारत ८ बाद ६२८ घोषित. एक डाव आणि ४६ धावांनी विजय. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बांगरनं दोन बळीही घेतले. सामनावीर द्रविड, आणि ते योग्यच होतं. पण फड कुणी साफ केला?

त्यानंतर चार महिन्यांत त्याची कसोटी कारकीर्द संपली. न्यूझीलंडच्या हिरव्यागार खेळपट्ट्यांवर सगळाच संघ कोसळला, त्यात तोही. डिसेंबर २००२ मध्ये हॅमिल्टनला तो शेवटची कसोटी खेळला. तो सामना संपल्यावर आठवडाभराच्या आत, हेडिंग्लेला खेटून असलेल्या ब्रॅडफर्डमध्ये, फानेनस्टील मैदानावर पडला होता. दोघांची एकमेकांशी काही ओळख नाही. मला मात्र आता ते दोघं एकाच टोळीतले वाटतात. २००३ च्या विश्वचषकाच्या संघात बांगर होता. भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला, बांगरला एकही सामना मिळाला नाही. एकूण १२ कसोटी, १५ एकदिवसीय.

खरी गोष्ट यापुढची आहे. भारताचं दार बंद झाल्यावर तो आणखी जवळजवळ दहा वर्षं खेळला. रेल्वेकडून, ज्या मैदानांवर प्रेक्षक मोजून पन्नास असतात तिथं. आयपीएल आली तेव्हा वय पस्तीस. एक वर्ष डेक्कन चार्जर्स, एक वर्ष कोलकाता. जानेवारी २०१३ मध्ये त्यानं बॅट खाली ठेवली तेव्हा नावावर प्रथम श्रेणीचे १६५ सामने, ८ हजारांवर धावा आणि ३०० बळी होते. इतकी वर्षं शरीर शाबूत ठेवणं, दर सकाळी त्याच शिस्तीनं उठणं, आपल्याहून दहा वर्षांनी लहान पोरांबरोबर धावणं, याला जे लागतं ते भारताच्या टोपीनं मिळत नाही. ते कसब आहे. ते पुढं शिकवताही येतं, म्हणून तर पंजाबचा संघ त्याच्या हाताखाली २०१४ ला आयपीएलच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि २०१९ पर्यंत भारताच्या फलंदाजांना शिकवण्याचं काम त्याच्याकडे होतं.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं बीडनं भरभरून कौतुक केलं, आणि करायलाच हवं होतं. वीटभट्टीवर आणि शेतात राबलेल्या आईबापाचा पोरगा सियाचीनला पहारा देतो, अमेरिकेतल्या डोंगरावर सराव करतो आणि २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये केनियाच्या धावपटूच्या फक्त पाच शतांश सेकंद मागं राहून रौप्य आणतो, याची सर कशाला येईल? पण साबळेसारखे दशकातून एखादे येतात. मैदानावर रोज उतरणाऱ्या बाकीच्या पोरांना बांगरच ठाऊक हवा. आपल्याला शंभर जणांत पहिलं येता येत नसेल, तर चाळिसाव्या नंबरवर राहून वीस वर्षं चोख काम करता येतं, आणि त्या कामावर इमानानं घर चालवता येतं, हे आपल्या जिल्ह्यातल्याच एका माणसानं दाखवलंय.

तेव्हा बाळा, खेळत राहा. माझं उत्तर हे आहे.

पण त्या एजंटाबद्दल एक सांगायचं आहे, आणि ते तुझ्याबरोबर या भागातल्या सगळ्याच आईबापांना. परवा कळलं की चाचणीसाठी, व्हिसासाठी आणि 'क्लबशी बोलण्यासाठी' तो आधी पैसे मागतोय. आपल्याकडचा मुकादम कितीही वाईट असो, उचल तो देतो. उलट उचल मागणारा मुकादम बीडमध्ये कुणी दारात उभा करणार नाही. फुटबॉलच्या एजंटाला आता फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची नावं फिफाकडे पाहता येतात. ते नाव आधी शोधा. क्लबचं पत्र क्लबकडूनच आलंय का, हे पाहा. करार हातात नसताना, त्यात पगार, राहण्याची सोय, दुखापतीचा खर्च आणि परतीचं तिकीट लिहिलेलं नसताना, पोराला विमानात बसवू नका. पर्यटनाच्या व्हिसावर तर मुळीच नाही. शेत गहाण टाकून चाचणीला पाठवायचं नसतं. ज्याला खरोखर गोलकीपर हवा असतो, तो तिकीट काढून देतो.

भाचा काल सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. एजंटाला त्यानं कळवलंय: आधी करार, मग बाकीचं. हातमोजे सावलीत नीट वाळले होते, ते त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत सगळ्यात वर ठेवले, कारण संध्याकाळी सराव होता.