विश्लेषण : कातडीखाली पिशवी ठेवून कातडी 'वाढवतात' कशी? श्रीगोंद्याच्या रुग्णाला ती परवडते का?

भाजलेला माणूस वाचतो, पण अनेकदा मान आखडते किंवा डोक्यावरचे केस कायमचे जातात. अशी जागा शेजारची निरोगी कातडी सरकवून झाकतात. त्या पट्ट्याला डॉक्टर 'फ्लॅप' म्हणतात. पट्टा फार लांब काढला, तर टोकापर्यंत रक्त पोहोचत नाही आणि टोक काळे पडून मरते.

हे मर्म आपल्याकडे जुनेच. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या बैलगाडीवानाचे नाक पुण्याजवळच्या एका वीट-कारागिराने कपाळाच्या कातडीतून घडवले. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ते छापले. भुवयांमधला कातडीचा दांडा त्याने सुमारे २५ दिवस कापला नव्हता, कारण रक्त तिथूनच येत होते.

पिशवीने काय साधते?

गरोदरपणात पोटाची कातडी वाढते, तसेच. निरोगी कातडीखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी ठेवतात आणि दर आठवड्याला सुईने थोडे सलाइन भरतात. १९५७ मध्ये चार्ल्स न्यूमन यांनी कानासाठी हा प्रयोग केला, १९७६ पासून रॅडोव्हान यांनी तो रुळवला. कातडी नुसती ताणली जात नाही. नवीन पेशी तयार होतात, पिशवीभोवती रक्तवाहिन्यांचे दाट आवरण येते. डुकरांवरील प्रयोगांत असे पट्टे साध्या पट्ट्यांपेक्षा जास्त लांबीपर्यंत जगले. डोक्यासाठी तर हा उपाय खासच, कारण केसांची कातडी दुसरीकडून आणता येत नाही.

मग अडते कुठे?

वेळेवर. दोन शस्त्रक्रिया आणि मध्ये साधारण दोन-तीन महिने फेऱ्या. श्रीगोंद्याहून प्लास्टिक सर्जनसाठी अहिल्यानगर किंवा पुणे गाठायचे, तेही ऊसतोडीच्या हंगामात! महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी हे विभाग आहेत, पण बुडालेला रोज कोण देणार? आमच्या मते खरा खर्च तोच आहे. फेऱ्या चुकल्या की उपचार लांबतो आणि पिशवी तेवढे दिवस आतच राहते.

म्हणून होकार देण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : सलाइन जवळच्या रुग्णालयात भरता येईल का, आणि आपला उपचार योजनेत बसतो का. पायावर पिशवीचा त्रास जास्त होतो, हेही ऐकून घ्यावे. पिशवीवरची कातडी लाल, गरम किंवा पातळ होऊन चकाकू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचे.