पावती नसलेले फिर्यादी

वाहन आणि व्यवहार : पांथस्थ

जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील न्यायालयाने मे २०२५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या चार माजी अधिकाऱ्यांना डिझेल मोटारींच्या धूरचाचणीतील लबाडीबद्दल दोषी ठरवून त्यांपैकी दोघांना कारावासाची शिक्षा फर्मावली, त्या वेळी हे प्रकरण उजेडात येऊन दहा वर्षे पुरी व्हायला अवघे काही महिने उरले होते. इतक्या दिरंगाईने लागलेल्या निकालाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. आणि ज्यांच्या दारात त्या काळातली डिझेल गाडी आजही उभी आहे अशा परिचितांपाशी मी विषय काढला, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकाच अर्थाचे होते : गाडी उत्तम चालते, अॅव्हरेज चांगले देते, मग त्या जुन्या भानगडीशी आपल्याला काय करायचे आहे? या उत्तरात दुष्टपणा यत्किंचितही नाही. ते साध्या संसारी माणसाचे उत्तर आहे. परंतु या प्रकरणातील निवाडे आणि तहनामे वर्षानुवर्षे वाचीत आल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, कारखानदारांची लबाडी ज्या भांडवलावर इतका काळ पचली, त्यात या उत्तराचा वाटा मोठा होता, आणि म्हणूनच आज कारखानदाराइतकेच गाडीच्या मालकाविषयीही लिहिणे मला अगत्याचे वाटते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीवर जी नोटीस बजावली तिच्यात लबाडीची रीत नमूद आहे, आणि ती समजून घेण्यास यंत्रशास्त्राचे मोठे ज्ञान लागत नाही. मोटारीची चाचणी बंदिस्त दालनात होते. गाडीची चालती चाके रोलरवर ठेवतात, गाडी जागच्या जागी जखडतात, सायलेन्सरच्या तोंडाला जाड नळी जोडतात, आणि चालक समोरच्या पडद्यावरील रेषेबरहुकूम वेग वाढवीत-उतरवीत जातो; त्या काळच्या युरोपीय चाचणीत हे सारे सुमारे वीस मिनिटांत आणि अकरा किलोमीटरांत आटोपत असे. या अवधीत चाके हजारो वेळा फिरतात, पण स्टिअरिंग इंचभरही वळत नाही, कारण वळण्यासारखा रस्ताच तेथे नसतो. इंजिनाचा कारभार पाहणारा संगणक स्टिअरिंगची स्थिती, गाडीचा वेग, इंजिन किती वेळ चालू आहे त्याचा हिशेब आणि हवेचा दाब यांवर नजर ठेवून चाचणी चालू असल्याचे ताडीत असे, आणि तेवढ्या वेळापुरती धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण जोमाने चालवीत असे. गाडी रस्त्याला लागली की हीच यंत्रणा मंदावत असे, आणि मग नत्राची ऑक्साइडे कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत बाहेर पडत. अमेरिकेत अशा सुमारे ४ लाख ८२ हजार मोटारी होत्या, आणि जगभर मिळून हे सॉफ्टवेअर असलेल्या गाड्या सुमारे १ कोटी १० लाख असल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले. मापात पाप करणारे व्यापारी आपल्याला ठाऊक आहेत, पण येथे तपासनीस दारात आल्याची चाहूल वजनकाट्यालाच लागत होती.

हे पाप कशासाठी केले गेले, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. धूर शुद्ध करणारी यंत्रणा अखंड चालवायची तर डिझेल अधिक जळते, काजळी धरून ठेवणाऱ्या गाळणीवर ताण येतो, आणि ज्या गाड्यांत युरियाचे द्रावण लागते त्यांची टाकी वरचेवर भरावी लागते. कंपनीचे अभियंते जेम्स लिआंग यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्या कबुलीजबाबाचा आशय असा की, कडक नियमही पाळील आणि गिऱ्हाइकालाही पुरेशी हवीशी वाटेल अशी डिझेल मोटार घडविणे आपल्याला साधणार नाही, हे अभियंत्यांच्या लक्षात आले होते. म्हणजे नियम आणि गिऱ्हाईक यांपैकी एकाला फसविणे भाग आहे असे मानून त्यांनी नियमाला फसविले, आणि गिऱ्हाइकाला त्याने मागितलेले अॅव्हरेज, पिकअप आणि निवांतपणा ही तिन्ही दिली. लिआंग यांना चाळीस महिन्यांची कैद झाली, ती योग्यच होती. पण गिऱ्हाइकाच्या मागणीचे जे वजन त्या अभियंत्यांच्या निर्णयावर पडले, त्याचा विचार कोणत्याही न्यायालयासमोर आला नाही.

लबाडी उघडकीस कशी आली त्या कथेत एक जुना दुवा आहे, आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. कॅटरपिलर, कमिन्स, व्होल्व्हो आदी सात इंजिन-उत्पादकांनी ट्रकांच्या इंजिनांत अशाच स्वरूपाची क्लृप्ती केल्याचे प्रकरण १९९८ मध्ये अमेरिकेत तडजोडीने मिटले. त्या तहनाम्यातून धावत्या वाहनाचा धूर रस्त्यावरच मोजणारी उपकरणे तयार करण्याचे काम पुढे आले, आणि ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात झाले. पंधरा वर्षांनी त्याच विद्यापीठात डॅन कार्डर यांच्या हाताखालील मार्क बेश, अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा यांनी ती उपकरणे आणि त्यांना वीज पुरविणारा जनरेटर गाडीच्या पाठीवर चढविला, सायलेन्सरला नळ्या जोडल्या, आणि फोक्सवॅगनची पसाट लॉस एंजेलिसहून सिअॅटलपर्यंत व परत अशी सुमारे चार हजार किलोमीटर चालविली. सुमारे सत्तर हजार डॉलरांच्या अनुदानावर झालेल्या या कामात पसाटने मर्यादेच्या पाच ते वीस पट आणि त्याच कंपनीच्या जेट्टाने पंधरा ते पस्तीस पट नत्राची ऑक्साइडे सोडल्याचे आढळले. सोबत तपासलेली बीएमडब्ल्यूची मोटार बहुतांशी मर्यादेत राहिली, यावरून स्वच्छ डिझेल गाडी घडविणे अशक्य नव्हते हेही सिद्ध झाले. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कॅलिफोर्नियाच्या हवा-नियामक मंडळाने वर्षाहून अधिक काळ चिकाटीने केलेल्या विचारणेनंतर कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये कबुली दिली. चार अभ्यासकांनी जे केले ते कोणत्याही देशाच्या शासनाला, मनात आणले असते तर, कधीही करता आले असते.

अमेरिकेतील मालकांचा संताप खरा होता आणि समजण्यासारखा होता. ‘क्लीन डिझेल’ या नावाने विकलेल्या या गाड्या पुष्कळांनी हवेची कदर म्हणून घेतल्या होत्या. जेट्टाला २००९ सालची हरित मोटार म्हणून पुरस्कार मिळाला होता, तो पुढे परत घेण्यात आला. तिच्या खरेदीवर सरकार १,३०० डॉलरांची करसवलत देत होते. जून २०१६ च्या तहनाम्यात कंपनीने १४७० कोटी डॉलरांपर्यंतचा भार पत्करला, प्रकरण फुटण्यापूर्वीच्या भावाने गाड्या परत घेण्याचे मान्य केले आणि त्यावर प्रत्येक मालकाला साधारणपणे ५,१०० ते १०,००० डॉलर भरपाई देऊ केली. त्याच तहनाम्यात अशी अट होती की, निदान पंच्याऐंशी टक्के गाड्या परत घेतल्या किंवा दुरुस्त केल्या गेल्या नाहीत, तर कंपनीला आणखी रक्कम भरावी लागेल. फसवले गेलेले सगळेच मालक आपण होऊन येतील असे न्यायालयाने गृहीत धरले नव्हते, हे त्या अटीवरून दिसते. आणि ही सावधगिरी अनाठायी नव्हती, कारण आपली गाडी आहे तशीच आवडते, दुरुस्तीनंतर ती मंदावेल, असे म्हणणारे मालक तेथेही होते. जर्मनीत तर मोटार-नोंदणी खात्याने सक्तीची दुरुस्ती फर्मावल्यावरही जे मालक इंजिन बिघडेल या भीतीने कार्यशाळेत गेले नाहीत, त्यांच्यापैकी काहींच्या गाड्यांची नोंदणी रद्द करण्यापर्यंत पाळी आली.

याहून मन विषण्ण करणारी एक नोंद आहे. अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये असा अंदाज दिला की, आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा मालकांनी स्वतः पैसे मोजून काढून टाकली अथवा निकामी करून घेतली. ज्या मोटारींवरून फोक्सवॅगनला जगभर फटके बसले, त्यांच्या २०१५ च्या नोटिशीवेळच्या अमेरिकेतील संख्येपेक्षा ही संख्या मोठी आहे. आपल्याकडेही ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून नत्राची ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणा) बंद करून घ्या, पिकअप वाढेल, असा सल्ला देणारे मेकॅनिक आणि तो मानणारे मालक मला ठिकठिकाणी भेटले आहेत. त्यांपैकी एकालाही आपण काही गैर करतो आहोत असे वाटत नव्हते, आणि मालकीच्या वस्तूत केलेला बदल ही आपली खासगी बाब आहे अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती.

भारतात २०१५ च्या डिसेंबरात या कंपनी-समूहाने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या, त्या पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने रस्त्यावर तपासणी करून मर्यादेच्या १.१ ते २.६ पट उत्सर्जन नोंदविल्यानंतर. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये पाचशे कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली. भारतात रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादाच त्या वेळी ठरलेली नव्हती, तेव्हा तिचे उल्लंघन झालेच नाही, असा कंपनीचा बचाव होता. कायद्याच्या काटेकोर भाषेत त्याला काही आधार असेल. परंतु ज्या मर्यादेचा हेतूच माणसाचा श्वास राखणे हा आहे, ती फक्त बंद दालनात लागू होते असे म्हणणे मला नीतिदृष्ट्या साफ नामंजूर आहे.

श्वासाचा उल्लेख आला, तो पुढे नेतो. नत्राच्या ऑक्साइडांपासून हवेत ओझोन आणि सूक्ष्म कण तयार होतात, दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे डिझेल वाहनांनी सोडलेल्या या वायूंमुळे एकट्या २०१५ सालात जगात सुमारे ३८ हजार अकाली मृत्यू झाले, असा अंदाज २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फोक्सवॅगन, डेमलर आणि बीएमडब्ल्यू यांच्या पैशाने चाललेल्या एका संशोधन-मंडळासाठी २०१४ मध्ये अमेरिकेतील आल्बुकर्क येथे दहा माकडांना हवाबंद पेट्यांत बसवून डिझेल बीटलचा धूर हुंगायला लावले होते, आणि ती शांत राहावीत म्हणून त्यांच्यासमोर व्यंगचित्रपट लावले होते, ही हकीकत वाचून जगाला शहारे आले. तो शहारा योग्य होता. परंतु आपल्या चौकांतील वाहतूक पोलीस, पदपथावरील भाजीवाल्या आणि शाळेच्या फाटकापाशी रिक्षाची वाट पाहणारी मुले तोच धूर वर्षानुवर्षे घेत आली आहेत, आणि त्यांच्यापाशी गाडी खरेदीची पावती नसल्यामुळे भरपाईच्या रांगेत त्यांना उभेच राहता येत नाही. अमेरिकेच्या तहनाम्यात हवा सुधारण्यासाठी २७० कोटी डॉलर बाजूला काढले होते. या पावती नसलेल्या फिर्यादींची एवढी तरी दखल घेणारा तो एकच मोठा दस्तऐवज माझ्या वाचनात आला आहे.

आपण हे सर्व परक्यांचे म्हणून सोडून देऊ शकत नाही. फोक्सवॅगनच्या दोन वर्षे आधी, जुलै २०१३ मध्ये, जनरल मोटर्सने भारतात शेव्हरोले टवेराच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण तपासणीपुरती कमी धुराची निवडक इंजिने बसविण्याचा प्रकार तिच्याच माणसांनी केल्याचे उघड झाले होते. ज्या टवेरात आपण शिर्डीला गेलो आणि जिच्यावर वडाप करणाऱ्या कित्येकांचे घर चालले, तिच्या त्या लबाडीची आज कोणालाही आठवण नाही. तेव्हा चालकांचे म्हणणे एवढेच होते की, कार्यशाळेत गेलेला दिवस बुडतो आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही; ते म्हणणे रास्त होते, आणि ती नुकसानी कंपनीने भरून द्यायला हवी होती.

मालकाच्या बेफिकिरीला आपली पीयूसीची पद्धतही आश्रय देते. पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमधून आलेला मुलगा डिझेल गाडीच्या सायलेन्सरात नळी खुपसतो, अॅक्सिलरेटर दाबून इंजिनाला ओरडायला लावतो, यंत्र धुराचा काळेपणा मोजते आणि कागद हाती पडतो. नत्राची ऑक्साइडे त्या यंत्राच्या हिशेबातच नाहीत. सायलेन्सरातून बाहेर पडताना ती बहुतांशी रंगहीन असतात, आणि काळा धूर दिसला नाही म्हणून गाडी निर्दोष ठरते. नव्या गाड्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचा नियम आपल्याकडे लागू झाला, हे मोठेच पाऊल आहे. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या जुन्या गाड्यांना तो पोहोचत नाही, आणि त्या गाड्यांच्या चाव्या आपल्या खिशांत आहेत.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. कंपनीकडून दुरुस्तीचे बोलावणे आले तर, गाडी कितीही सुरळीत चालत असली तरी, ती कार्यशाळेत न्या, आणि एखादा किलोमीटर कमी पडला तरी तो सोसा. ईजीआर किंवा गाळणी काढून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला स्पष्ट नकार द्या. नवी गाडी घेताना अॅव्हरेज विचारण्यापूर्वी तिचे रस्त्यावरच्या चाचणीतले आकडे मागा, ते मिळाले नाहीत तर लेखी मागा. आणि पीयूसीच्या तपासणीत नत्राच्या ऑक्साइडांचा समावेश करावा, असे पत्र आपल्या खासदाराला आणि परिवहन आयुक्तांना आजच धाडा.