पाव्लॉव्हचा कुत्रा आणि मराठीची भीती

अकरावीच्या मानसशास्त्रात पाव्लॉव्ह आला की मुले पाठ करतात: घंटा, कुत्रा, लाळ. 'अभिजात अभिसंधान' ही व्याख्या लिहून गुण मिळवतात आणि विसरतात. माझे म्हणणे असे की वर्तनवादाचा धडा कुत्र्यापासून नव्हे, समोर बसलेल्या मुलापासून सुरू करावा.

सोलापुरात उदाहरणांना तोटा नाही. उखळात शेंगाचटणी कुटल्याचा आवाज आला तरी तोंडाला पाणी सुटते. रमजानमध्ये मगरिबची अजान कानी पडते आणि खजूर जिभेवर येण्याआधीच रोजेदाराच्या तोंडात लाळ येते. अजान ही काही जेवणाची खूण नव्हे. पण रोज तिच्यापाठोपाठ इफ्तार येतो, म्हणून जोडी जमते. एवढे सांगितले की चेतक आणि प्रतिक्रिया हे शब्द परके राहत नाहीत.

पण जोडी भीतीचीही जमते. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी अकरा महिन्यांच्या अल्बर्टसमोर पांढरा उंदीर ठेवला आणि त्याने हात लावताच मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला. सात वेळा असे झाल्यावर बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागले; पुढे सशालाही घाबरले.

असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, तरी वर्गावर्गांत तो चालूच आहे. उर्दू माध्यमाचे मूल 'ळ'ला 'ल' म्हणते, वर्ग हसतो, शिक्षक खेकसतात. मग पुस्तक उघडतानाच त्याच्या हाताला घाम येतो. आपण म्हणतो, 'यांना मराठी जमत नाही.' 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी केली; हशा मात्र कोणी छळात मोजत नाही.

म्हणून धडा 1924 पर्यंत न्यावा. मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटरला आवडता खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला, आणि भीती गेली. मी मराठी शिकवताना तेच करते. आधी ओळखीच्या शब्दांचा खाऊ: दुकान, जमीन, हवा, शहर. मग सकाळ, केळी, जवळ.

भाषा नुसत्या बक्षीस-शिक्षेने येत नाही, हे चॉम्स्की यांनी 1959 मध्ये स्किनरच्या पुस्तकावर लिहिताना मांडले, आणि ते मला पटते. पण भीतीने भाषेचे दार बंद होते, हेही तितकेच खरे. अकरावीच्या मुलांना व्याख्येआधी एवढेच लिहायला सांगा: मला कोणत्या विषयाची भीती वाटते, आणि त्याच्या जोडीला काय आले होते?