पायरी कोणाची, जोखीम कोणाची?

मिसरूड फुटलें कीं बुद्धीची वाढ संपली, पुढें माणसानें फक्त कष्ट करावे, हा समज आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या घट्ट बसला आहे. तो बसविला कोणी, ही चर्चा आज नको. तो खोटा आहे एवढेंच सांगावयाचें आहे.

अमेरिकेंतील हार्वर्ड कॉलेजांत विल्यम पेरी यांनीं विद्यार्थ्यांस वर्षअखेर बोलावून, यंदा तुमच्या मनावर कशाचा ठसा उमटला, असें विचारलें, आणि १९७० सालीं त्यावर पुस्तक काढलें. नव्या विद्यार्थ्यास वाटतें कीं प्रत्येक प्रश्नास एकच खरें उत्तर असतें आणि तें मास्तरांजवळ असतें. पुढें विद्वानांचेंच आपसांत जुळत नाहीं हें पाहून तो म्हणतो, मग ज्याचें त्याचें मत! त्यानंतर कोणत्या मतास पुरावा किती हें तो तोलूं लागतो, आणि शेवटीं स्वतःच्या जबाबदारीवर एक बाजू धरतो. कित्येक मध्येंच बसतात, कांहीं मागेंही फिरतात.

पण हे बहुतेक मुलगेच, आणि तेही हार्वर्डचे! १९८६ सालीं चार विदुषींनीं १३५ स्त्रियांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांत गरीब आयाही होत्या. त्यांस एक पायरी मुकेपणाची आढळली. आपल्यालाही कांहीं कळूं शकतें, हेंच जिला वाटत नाहीं ती विचारणार काय? पुरुषांनीं येथें मिशांवर ताव देऊं नये. कचेरींत साहेबापुढें आमचा शेतकरी कोणत्या पायरीवर उभा असतो?

आणि तोच शेतकरी शिवारांत पाहा. बियाणेंवाल्याचें बोलणें ऐकतो, शेजाऱ्याचें रान पाहतो, आपल्या जमिनीचा पोत आठवतो आणि स्वतःच्या जोखमीवर पेरतो. ही पेरींची शेवटची पायरी नव्हे काय? हार्वर्डचेच कर्ट फिशर यांनीं दाखविलें कीं एकच माणूस एका कामांत वर, दुसऱ्यांत खालीं असतो, आणि योग्य आधार मिळाला तर वर चढतो. पायऱ्या म्हटल्या कीं आमचे कान टवकारतात. माणसांची उतरंड आम्हीं पुष्कळ भोगली आहे. म्हणून पायरी माणसाच्या कपाळीं मारूं नका, ती त्या कामापुरती समजा.

जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८५५ सालीं पुण्यांत राहत्या घरीं कष्टकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. १९८९ सालीं नाशिकास मुक्त विद्यापीठ झालें. दारें उघडलीं हें खरें. पण आंत शिकविणें कसें? गाईड आणावें, ‘अपेक्षित’ प्रश्न घोकावे, पेपरांत ओतावे! चाळीस वर्षांचा लोहार, जो पोलादास पाणी केव्हां द्यावें हें नजरेनें ठरवितो, त्यालाही बाकावर बसवून पहिल्या पायरीच्या खुंट्यास बांधावयाचें, याला उच्च शिक्षण म्हणतात!

एकाच गोष्टीच्या दोन विरुद्ध हकीकती विद्यार्थ्यापुढें ठेवा. कोणती पटली आणि कां, हें त्याच्या तोंडून येऊं द्या. गुण त्या ‘कां’ला द्या. याला पैसा लागत नाहीं, मास्तरांस थोडी भीड सोडावी लागते. ज्यांचीं मुलें, सुना कॉलेजांत आहेत त्यांनीं पालकसभेंत प्राचार्यांस एवढेंच विचारावें: यंदाच्या पेपरांत असा एक तरी प्रश्न आहे काय?