वरातीमागून व्हिसा

परदेशी सून किंवा परदेशी जावई ही आता आपल्या भोपाळच्या मराठी घरांत कुजबुजीची बाब राहिलेली नाही. शिवाजी नगर, तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरांत वाढलेली मुले पुणे-बंगळूरमार्गे जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला पोहोचली आणि काहींनी जोडीदारही तिकडचाच निवडला. आई-वडील आधी नाक मुरडतात, मग तयार होतात. हॉल ठरतो, गुरुजी ठरतात, जेवणात श्रीखंड की बासुंदी यावर दोन दिवस वाद होतो. एकच प्रश्न कोणी विचारत नाही : ती येणार कोणत्या व्हिसावर? विचारलाच तर उत्तर ठरलेले, "टुरिस्ट काढून ये म्हणावं, पुढचं पुढे बघू."

हे 'पुढचे' काय असते ते मी बँकेच्या काउंटरवरून पाहिले आहे. मागे आपल्या समाजातल्या एक काकू नव्या सुनेला घेऊन आल्या. "अरे, हिचं नाव माझ्या खात्यात घालून दे, आता घरचीच झाली." पासपोर्ट पाहिला तर ई-टुरिस्ट व्हिसा, मुदत ३० दिवसांची, त्यातले २४ दिवस संपलेले. लग्न घरी थाटात झाले होते, नोंदणी मात्र 'सावकाश' करायची होती. मुलगा परत येऊन भोपाळलाच काम करत होता आणि सून गौरी-गणपतीपर्यंत राहणार असे काकूंनी सगळ्यांना सांगून ठेवले होते. नाव खात्यात घालता येणार नाही, हे ऐकून काकू माझ्यावर रागावल्या. सहा दिवसांनी सून परत गेली. त्या वर्षी गौरीपुढे काकू एकट्याच बसल्या होत्या. आपले काही चुकले, असे त्या घरात आजही कोणाला वाटत नाही. सगळा दोष सरकारचा!

परदेशी सून आपल्या प्रांताला नवी नाही. इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी गादी सोडल्यावर १९२८ साली अमेरिकेतल्या सिएटलच्या नॅन्सी मिलर यांच्याशी बडवाह येथे विवाह केला. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि त्या शर्मिष्ठाबाई झाल्या. त्याच घराण्यात पुढे आलेल्या अमेरिकन सूनबाई सॅली होळकर यांनी पती रिचर्ड होळकर यांच्यासह महेश्वरच्या हातमागाला 'रेहवा'च्या रूपाने नवे बळ दिले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि १९३२ साली विक्रम खानोलकरांशी विवाह केलेल्या सावित्रीबाईंनी तर आपल्या परमवीर चक्राचे रेखाटन केले. शर्मिष्ठाबाईंच्या काळी वाद धर्माचा आणि जातीचा होता. आजच्या सुनेला ना शंकराचार्य अडवतात, ना जातपंचायत. आज अडतो तो कागद, आणि तोही बहुधा आपल्याच हलगर्जीमुळे.

माझे म्हणणे एवढेच की व्हिसा ही शेवटची औपचारिकता नसून घरात बसून आधी घेण्याचा निर्णय आहे. त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत : येणारी व्यक्ती किती दिवस राहणार, कोणत्या नात्याने राहणार आणि इथे काय करणार?

घर पाहायला, नातेवाइकांना भेटायला चार आठवडे यायचे असेल तर टुरिस्ट व्हिसा योग्यच. पण ई-टुरिस्ट व्हिसा साधारणपणे वाढवून मिळत नाही आणि बदलूनही मिळत नाही. 'पाच वर्षांचा' म्हणजे पाच वर्षे मुक्काम, असाही अर्थ नाही. वर्षभरात किती दिवस राहता येईल याला मर्यादा असते आणि ती ओलांडता येत नाही. आपल्या सुनेच्या देशाला कोणती अट लागू आहे, ते सरकारी संकेतस्थळावरच वाचावे. शेजारच्या मुलाचे अमुक झाले, यावर जाऊ नये. मुदत संपली की नेपाळला चक्कर मारून परत येण्याची युक्ती काही जण सांगतात. प्रवेश द्यायचा की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, हे ते सांगत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

पत्नी किंवा पती या नात्याने दीर्घ मुक्काम करायचा असेल तर त्यासाठी एंट्री व्हिसा आहे, ज्याला 'एक्स' व्हिसा म्हणतात. तो तिकडच्या भारतीय वकिलातीकडून घ्यावा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. अर्ज आता ऑनलाइन होतो. शिवाय परदेशी पाहुणा घरात उतरला की यजमानाने २४ तासांत त्याची माहिती कळवायची असते. हा नियम फक्त हॉटेलांना आहे, असा आपल्याकडे सार्वत्रिक गैरसमज आहे. आणि एक्स व्हिसा मिळाला म्हणजे नोकरीची परवानगी आपोआप मिळाली, असेही नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. एक्स व्हिसासाठी लागते विवाहाचे प्रमाणपत्र. अल्बम नव्हे, पत्रिका नव्हे, मंगलाष्टकांची व्हिडिओ फिल्म तर नव्हेच. हिंदू विवाह कायदा दोघेही कायद्याच्या अर्थाने हिंदू असतील तरच लागू होतो. एरवी वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. त्यात दोघांपैकी किमान एकाने नोटिशीपूर्वी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते आणि नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. म्हणजे ३० दिवसांच्या व्हिसावर येऊन हे लग्न त्याच खेपेत उरकणे हिशेबातच बसत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे लोक. ही बेरीज तरी आम्हाला कळते.

म्हणून सोपा मार्ग असा : मुले परदेशातच असतील तर नोंदणी विवाह आधी तिकडे करावा. आपला मुलगा किंवा मुलगी भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या परकीय विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीतही तो होऊ शकतो. प्रमाणपत्र हाती घ्यावे, एक्स व्हिसा काढावा आणि मग भोपाळला येऊन हवे तेवढे वाजतगाजत लग्न लावावे. देवाब्राह्मणांच्या साक्षीने लग्न झाल्याशिवाय नोंदणी नको, हा आग्रह अनेक घरांत असतो. तो मला समजतो. पण 'आधी सही मग सप्तपदी' याने सप्तपदीचे पावित्र्य कमी होत नाही, आणि सून घरात राहते.

नोंदणी लवकर करण्याचा आणखी एक लाभ आहे. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळू शकते, पण अर्जापूर्वी नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षे झालेली असावी लागतात. नोंदणी जितकी लांबवाल तितकी ही दोन वर्षे लांबतात. पाकिस्तान आणि बांगलादेशाशी संबंधित कुटुंबांना ही सोय नाही, आणि विवाह संपुष्टात आल्यास जोडीदाराचे कार्ड रद्द होऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

नुसते सोबत राहणाऱ्या जोडीदारासाठी आपल्याकडे वेगळा व्हिसा नाही. त्यांनी टुरिस्ट व्हिसाच्या मर्यादेतच बेत आखावा. हे योग्य की अयोग्य यावर घरात वाद घाला, पण विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी.

शेवटी आपल्या कार्यकारिणीस आणि निवडणुकीत आपल्या दारी येणाऱ्या नेत्यांस एक सांगणे. पासपोर्टसाठी मेळावे भरतात. तसे महिन्यातून एक दिवस व्हिसा, विवाहनोंदणी आणि ओसीआय यांचे मार्गदर्शन एकाच टेबलावर भोपाळमध्ये मिळावे, अशी लेखी मागणी समाजाने आमदार-खासदारांकडे करावी. ऑनलाइन अर्ज भरताना अडलेल्या साठी-सत्तरीच्या आई-वडिलांना विचारायला समोर माणूस लागतो, नाहीतर ते एजंटाच्या दारात जातात. आणि तोवर समाजातल्या निवृत्त सरकारी मंडळींनी, ज्यांची हयात फायलींत गेली, रविवारचा एक तास यासाठी द्यावा. गणेशोत्सवाची वर्गणी आपण न मागता देतो, हाही समाजाचाच हिशेब आहे.

घोडे वरातीपुढेच शोभते. व्हिसाचेही तसेच आहे.