स्मार्ट चष्मा मे महिन्यात चालेल का? एआर ग्लासेसचं घोडं उष्णतेपाशी अडलंय

मे महिन्यातल्या दुपारी बाईकच्या हँडलला फोन लावून मॅप बघत गेलाय कधी? गेल्या उन्हाळ्यात माझा फोन भर सिग्नलला 'तापमान जास्त आहे' असं सांगून गप्प झाला. पुढचा रस्ता मी पानटपरीवाल्याला विचारत गेले. आता कल्पना करा, हाच फोन तुमच्या नाकावर बसलाय.

एआर चष्म्यांपुढचा प्रश्न हाच आहे. एआर म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावरच नकाशा, मेसेज किंवा भाषांतर दाखवणं. सप्टेंबर 2024 मध्ये मेटाने 'ओरायन' हा नमुना दाखवला तेव्हा इन्स्टावर त्याच्या रील्सचा पाऊस पडला होता. वर्षभराने 799 डॉलरचा 'रे-बॅन डिस्प्ले' अमेरिकेत विक्रीला आला. पण दोन्हींत फरक आहे. ओरायन दोन्ही डोळ्यांसमोर साधारण 70 अंश रुंदीचं चित्र दाखवतो आणि तो विकला जात नाही. जो विकला जातो तो फक्त उजव्या डोळ्यापुरतं, 20 अंशांचं छोटं चित्र दाखवतो.

यात खर्चाचा भाग आहेच. पण पैसा ओतूनही न सुटणारी एक अडचण आहे.

एका वॅटचं बजेट

फोन तापला की आपण तो टेबलावर ठेवतो. चष्मा कानशिलाला टेकलेला असतो. अंगाला तासन्‌तास लागून राहणाऱ्या वस्तूचा पृष्ठभाग 43 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकं सांगतात. पंखा बसवावा तर आवाज, वजन आणि बॅटरी, तिन्ही आड येतात. त्यामुळे आत तयार झालेली उष्णता फ्रेमच्या पृष्ठभागातूनच हवेत जायला हवी.

ढोबळ हिशेब करू. चष्म्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटर धरा. तो आजूबाजूच्या हवेपेक्षा 10 अंशांनी गरम असेल, तर पंख्याशिवाय त्यातून जेमतेम 1 वॅट उष्णता बाहेर पडते. एसी ऑफिसात हवा 25 अंश असेल, तर 43 पर्यंत 18 अंशांची मोकळीक आहे, म्हणजे 1.8 वॅट. गेम खेळताना फोन सहज 4-5 वॅट खातो, हे लक्षात घेतलं तर हे बजेट किती तोकडं आहे ते कळेल.

आता हाच चष्मा घालून मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात बाहेर पडा. हवा 42 अंशांवर असेल तर उरतो 1 अंश, म्हणजे 0.1 वॅट. त्या भागात पारा 44-45 वर जातो तेव्हा तर हवाच चष्म्याला तापवते. वर ऊन आहेच. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं. काळ्या फ्रेमचा 20 चौरस सेंटिमीटर भाग उन्हात असला तरी 2 वॅट झाले. चष्मा बंद असताना!

आणि नेमक्या अशाच वेळी पडदा जास्त उजळ लागतो, नाहीतर उन्हात अक्षरं दिसत नाहीत. रे-बॅन डिस्प्लेची कमाल प्रकाशमानता 5000 निट्स आहे ती त्यासाठीच. त्यातही एआर काचांच्या बऱ्याच रचनांमध्ये प्रोजेक्टरचा बहुतांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. वाटेत हरवलेल्या त्या प्रकाशाची शेवटी उष्णताच होते.

मग मजबुतीचा संबंध काय?

मला हा भाग सगळ्यात रंजक वाटला. दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रं एकमेकांवर बरोबर बसली नाहीत, तर डोकं दुखायला लागतं. ओरायनमध्ये हा जुळाव केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतका अचूक ठेवावा लागला, असं मेटाचं म्हणणं आहे. आणि चष्मा आपण कसा वापरतो? एका हाताने ओढून काढतो, डोक्यावर चढवतो, त्याच्यावर झोपतोसुद्धा.

त्यात उष्णतेची भर. तापलं की धातू प्रसरण पावतो. मॅग्नेशियमची 140 मिलिमीटर रुंद फ्रेम 20 अंशांनी तापली तर साधारण 0.07 मिलिमीटरने वाढते, म्हणजे जवळपास एका केसाएवढी. सगळीकडून सारखी वाढली तर फार बिघडत नाही. पण प्रोसेसर ज्या दांडीत आहे ती बाजू जास्त तापली की फ्रेम किंचित वाकते आणि जुळाव बिघडतो. म्हणून उष्णता एका जागी न साठता लवकर सगळीकडे पसरायला हवी.

प्लास्टिक हलकं आहे, पण ते उष्णता जवळजवळ पसरवतच नाही. महागड्या चष्म्यांचं लाडकं टायटॅनियम मजबूत खरं, पण उष्णता वाहून नेण्यात ते ॲल्युमिनियमच्या खूप मागे आहे. मॅग्नेशियमची घनता टायटॅनियमच्या निम्म्याहून कमी आणि त्याचे मिश्रधातू उष्णता बऱ्यापैकी पसरवतात. मेटाने ओरायनची फ्रेम त्याचीच केली, आणि कारण हेच दिलं: हलकं, ताठ, उष्णता वाहून नेणारं. तरीही चष्मा 98 ग्रॅमचा झाला. साधा चष्मा 25-30 ग्रॅमचा असतो.

कंपन्यांनी काय वाटा काढल्या?

ओरायनने बरीचशी गणितं चष्म्याबाहेर काढली. ती खिशात ठेवायच्या वेगळ्या डब्यात होतात, म्हणजे ती उष्णता खिशात गेली. रे-बॅन डिस्प्लेने कामच कमी केलं. पडदा एकाच डोळ्याला असल्याने दोन चित्रं जुळवण्याचा प्रश्नच मिटला आणि वजन 69 ग्रॅमवर आलं.

स्नॅपची वाट मात्र हट्टाची. 2024 च्या स्पेक्टॅकल्समध्ये सगळं चष्म्यातच आहे. काम दोन प्रोसेसरमध्ये विभागलंय आणि उष्णता पसरवायला टायटॅनियमचे व्हेपर चेंबर आहेत. यात द्रवाची वाफ होऊन उष्णता थंड भागाकडे जाते. एवढं करून वजन 226 ग्रॅम आणि सलग वापर 45 मिनिटं. डेव्हलपरसाठी ठीक, पण तो घालून लोकलमध्ये कोण बसणार? ग्राहकांसाठीची हलकी आवृत्ती 2026 मध्ये आणू, असं कंपनीने जून 2025 मध्ये जाहीर केलं.

भारतात काय?

पडदा नसलेले, फक्त कॅमेरा आणि स्पीकरवाले रे-बॅन मेटा चष्मे मे 2025 मध्ये भारतात आले, 29,900 रुपयांपासून. सतत उजळणारा पडदा नसल्याने त्यांचं उष्णतेचं गणित सोपं आहे. पडदेवाले येतील तेव्हा जाहिरातीत कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मोठ्या अक्षरात असेल. तुम्ही मात्र तपशिलांच्या तळाशी जाऊन 'ऑपरेटिंग टेंपरेचर' ही ओळ शोधा. ॲपलच्या व्हिजन प्रोला तर पंखे आहेत आणि बॅटरीही वेगळी, खिशात ठेवायची. तरी त्या ओळीत लिहिलंय: 0 ते 30 अंश. पुण्यात मार्चमधली दुपारसुद्धा त्याच्या वर जाते.